ढोकीतलं वानर आणि माझे स्टेम सेल

मंडळी, दुपारची एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय.

मी पुण्यातल्या प्रयोगशाळेत माकडांच्या कातडीतल्या पेशींपासून स्टेम सेल, म्हणजे कुठल्याही अवयवाच्या पेशी घडवू शकणाऱ्या मूळ पेशी, बनवते. माणूस आणि माकड नेमके कुठं वेगळे झाले, ते आम्ही त्यातून शोधतो. सध्या सुट्टीला गावी, ढोकीत आलेय.

आज विजेच्या डीपीवर शॉक लागून एक वानर मेलं. गावानं गुलाल उधळत, भजन म्हणत त्याला ट्रॅक्टरमधून नेलं.

पुरायला खणलेल्या खड्ड्यापाशी चुलती म्हणाली, "तू माकडाच्याच पेशी वाढवतीस न्हवं? मग ह्याला उठव की, बाई."

जीव गेल्यावरही कातडीतल्या पेशी काही तास जिवंत राहतात. तिथं हे मला एकटीलाच माहीत होतं. पण पेशी वाढवता येतात, वानर उठवता येत नाही.

सगळ्यांसारखी मीही मूठभर माती टाकली. जिवंत पेशींवर.

तुम्ही चुलतीला काय सांगितलं असतं?