मान खाली न घालणारी मुलगी

आज कूलरला नवा वाळा बसवला. पहिलं पाणी पडताच ओला, मातकट वास घरभर पसरला आणि मला मालवीय नगरातलं आमचं जुनं घर आठवलं.

बाबा फौजेत, कायम सरहद्दीवर. दुपारी कूलरसमोर चटई टाकून आई मला एक जुनी मराठी कादंबरी वाचून दाखवायची. नायिका काकांच्या धाकात वाढलेली, घाबरट. काकांनी तिची शाळा बंद केली, तेव्हा आईनं वाचलं, “ती मान खाली घालून आत गेली.”

माझी नजर पानावरच होती. शाळेत हिंदी शिकत असल्यामुळे अक्षरं ओळखीची होती. मी किंचाळले, “आई, मतलब... इथे असं नाहीये! ती म्हणते, ‘काका, मी शाळा सोडणार नाही!’”

“मोठी झाली गं पोर!” म्हणत आईनं पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं. “आता पुढचं तू वाच.” अडखळत, पण खणखणीत आवाजात, मी शेवटपर्यंत वाचलं.

आईला पकडलं म्हणून मी कित्येक दिवस मिरवत होते. ती पुस्तक माझ्याकडे कलतं का धरायची, हे तेव्हा कुठे कळलं?

आज माझ्या मुलीसमोर मीही ते तसंच धरलं आणि ते वाक्य मुद्दाम चुकीचं वाचलं.

“मम्मा, चीटिंग!” ती ओरडली.