काठावरची बाई

नारळ हातात घेतला की ते आधी कानाशी नेऊन हलवायचे. आत खोबऱ्याचा गोटा सुटून वाजला, की म्हणायचे, "खुडखुडतोय. चालेल." नाही वाजला, तर तो नारळ खोपीच्या आढ्याला परत टांगायचे. असे दोन सुके नारळ, सोडणासकट, काथ्याच्या दोरीने एकमेकांना बांधायचे आणि ती दोरी मुलाच्या छातीखालून घ्यायची. दोन काखांत दोन नारळ. मग मूल बुडत नाही. वसईकडच्या वाड्यांतली जुनी माणसं अशीच पोहायला शिकली. तुमच्यापैकी कोणी या बाजूचे असाल, तर तुमच्या घरातही कोणीतरी असे नारळ बांधलेले असतील.

मी त्यांना भाऊ म्हणायचे. निर्मळजवळ त्यांची वाडी. केळी, मोगरा, कडेने थोडं अळू. मी सकाळी मोगऱ्याच्या कळ्या खुडायला जायचे आणि मग खोपीत बसून गजरे करायचे. वाडीच्या मधोमध बावखल होतं. बावखल म्हणजे झाडांना पाणी द्यायला खणलेलं तळं. पूर्वी प्रत्येक वाडीत असायचं. आता बरीच बुजवली आणि त्यांच्यावर बिल्डिंगी उभ्या राहिल्या.

भाऊ उंच, सावळे, कमरेत थोडे वाकलेले. बोलणं कमी. माझंही कमी. मी चौथीपर्यंत शिकले, चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की मी मागे सरकते. त्यामुळे आमचं बरं जमायचं. ते केळीची सुकली पानं कापायचे, मी कळ्या खुडायचे, आणि चहाच्या वेळेपर्यंत दोघांपैकी कोणी काही बोललेलं नसायचं.

एका पावसाळ्यात आमच्या चाळीतला मुलगा मित्रांबरोबर चिंचोटीच्या धबधब्यावर गेला आणि परत आला नाही. आमच्या शेजारच्या घरातला. नववीत होता. दोन दिवसांनी मी कामावर गेले, तर कळ्या हातातून सारख्या खाली पडायला लागल्या. भाऊंनी पाहिलं.

"काय गो बाय, आज फुलं मातीला घालतेस?"

मी सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "पोहता येत होतं त्याला?"

"नाही."

ते खोपीत निघून गेले. त्यानंतर नारळ उतरवले की त्यातले काही ते बाजूला काढून टांगायला लागले. मला वाटलं, रोपांसाठी असतील. खरं कारण मला मे महिन्यात कळलं.

शाळांना सुट्टी लागली आणि भाऊ आमच्या चाळीत आले. धुतलेला पांढरा सदरा घालून, जसं लग्नाचं बोलायला जावं तसे. प्रत्येक दारात उभं राहून एकच वाक्य म्हणाले, "पोरांना पाठवा, पाऊस पडायच्या आत तरंगायला शिकवतो." चाळीतल्या बहुतेक आया कामाला जातात. शाळा असते तेव्हा निदान दुपारपर्यंत मुलं कुठे आहेत ते माहीत असतं. सुट्टीत तेही नाही. त्यामुळे मुलगे दुसऱ्याच दिवशी आले. मुलींच्या आया मात्र खाली बघत राहिल्या. भाऊंना ते कळलं. ते माझ्याकडे आले.

"काठावर बाई पाहिजे. तू बसशील?"

"मी काय करायचं?"

"काही नाही. रहाटाच्या दगडावर बसायचं. गजरे तिथेच कर. बोलायचं नाही, काही नाही."

हे मला जमण्यासारखं होतं. बावखलाच्या काठाला जुन्या रहाटाचा एक चौकोनी दगड उरला होता. मी त्यावर बसायला लागले आणि मुली यायला लागल्या. भाऊंचा नियमच झाला. पाण्यात पाय टाकण्याआधी ते मुलांना विचारायचे, "काठावर बाई बसली का?" सगळी मुलं एका सुरात म्हणायची, "बसली." मग उतरायचं. मला उशीर झाला तर मुलं नारळ काखेत घेऊन उभी राहायची, आणि मी दिसले की त्यांतला एखादा आगाऊ म्हणायचा, "मावशी, तुमच्यामुळे पाणी थांबलंय."

पाण्यात भाऊ वेगळेच असायचे. एरवी वाकलेला माणूस छातीभर पाण्यात सरळ उभा राहायचा. मूल घाबरलं की त्याच्या हनुवटीखाली दोन बोटं ठेवायचे, जास्त नाही, फक्त दोन बोटं, आणि म्हणायचे, "आभाळाकडे बघ. माझ्याकडे काय बघतोस, मी काय देखणा आहे?" पोहून झालं की प्रत्येकाला एक केळं. केळं खाल्ल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही. आणि पुढच्या पावसाळ्यात चाळीतलं कोणी धबधब्याकडे निघालं की आम्ही दोघंही मनात बघायचो, हा येऊन गेलाय की नाही. येऊन गेलेला असला तरी काळजी वाटायची. पण थोडी कमी.

असे काही उन्हाळे गेले. मग भाऊंचे गुडघे गेले. आधी ते पायरीवर बसून शिकवायचे, नंतर मोठ्या मुलांकडून लहानांना शिकवून घ्यायचे. नालासोपाऱ्याकडच्या चाळींतल्या आयाही विचारायला लागल्या होत्या. तिकडून मुलं आणायला टेम्पो पाहिजे होता. त्याच सुमारास कोणीतरी सांगितलं, सुट्टीतल्या शिबिरांना आणि शाळा सुटल्यानंतरच्या वर्गांना सरकारी मदत मिळते.

भाऊ मला म्हणाले, "चल, जाऊन येऊ."

मला वाटलं, टेम्पोसाठी. ते म्हणाले, "टेम्पो तर आहेच. पण मला वर्गाला सरकारचं नाव पाहिजे. मी गेलो की थोरला हे बावखल बुजवणार. सरकारी वर्ग चालू असला, तर बुजवायच्या आधी त्याला कोणाला तरी विचारावं लागेल."

त्यांचा थोरला मुलगा नोकरीला मुंबईत. रविवारी बायकोला घेऊन यायचा. वाईट माणूस नाही. बावखलापाशी उभा राहिला की डासांबद्दल बोलायचा, एवढंच. भाऊ ऐकून घ्यायचे आणि पाण्यातलं शेवाळ काढत राहायचे.

कुठलं ऑफिस ते लिहीत नाही. तिथल्या मॅडम तरुण होत्या. आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. भाऊंनी सगळं सांगितलं. नारळाचं सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवून ऐकलं. मग विचारलं, पाणी किती खोल, दोर आहे का, वाचवायचं शिक्षण घेतलेला कोणी आहे का. भाऊ म्हणाले, दोर घेऊ, माणूस शोधू.

"आणि मुलींसाठी कोण असतं?"

"काठावर बाई असते ना. ही."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "मावशी, तुम्हाला पोहता येतं ना?"

मी मान हलवली. नाही म्हणून. भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्यांना पहिल्यांदाच दिसले.

"काका," मॅडम हळूच म्हणाल्या, "तुमचं काम चांगलंच आहे. पण उद्या एखादी मुलगी खोल पाण्यात गेली, तर मावशी काय करतील?"

"ओरडेल," भाऊ म्हणाले.

मी तिथे आल्यापासून एक शब्दही बोलले नव्हते. मॅडमना हसू आलं, ते त्यांनी आवरलं. म्हणाल्या, पुढच्या उन्हाळ्यासाठी अर्ज करा, मी स्वतः बघायला येईन. पण काठावरच्या बाईला पोहता आलं पाहिजे.

त्यांचं काही चुकलं नव्हतं. परतताना रिक्षात भाऊ बराच वेळ बाहेर बघत होते. मग म्हणाले, "इतके दिवस मी कोणाला बसवलं होतं काठावर?"

"तुम्ही विचारलं नाही."

"तू सांगितलं नाहीस."

"बोलायचं नाही, असं तुम्हीच सांगितलं होतं."

ते हसले. वाडी आल्यावर उतरताना म्हणाले, "शीक मग. माझ्याच्याने आता पाण्यात उतरवत नाही. पोरी शिकवतील."

घरी मी सांगितलं तेव्हा आमचे हे म्हणाले, "या वयात?" मग थोड्या वेळाने म्हणाले, "शेजारच्यांचा पोरगा आठवतो मला." त्यालाच मी परवानगी समजले.

माझ्या मुलीचा जुना पंजाबी ड्रेस घालून मी गेले. भाऊंनी माझ्यासाठी नारळ निवडायला घेतले. एकेक कानाशी हलवून बघत होते, कोणासाठी लावला नसेल इतका वेळ लावला. एक मुलगी म्हणाली, "भाऊ, मावशीला चार बांधा." नारळ माझ्या हातात देऊन ते रहाटाच्या दगडाकडे गेले आणि माझ्या जागेवर बसले. पाण्याकडे पाठ करून.

बाईमाणूस पहिल्यांदा पाण्यात उतरतंय, ओले कपडे अंगाला चिकटणार, म्हणून. कोणी त्यांना तसं सांगितलं नव्हतं.

पण पाठ केल्यावर त्यांना काही दिसेना. मुली मला धरून पुढे नेत होत्या, मी दात आवळून गप्प होते. दगडावरून आवाज आला, "काय झालं? आहेस ना गो?"

मी मुलींचे हात अजूनच घट्ट धरले.

"बाय, गप्प बसू नको. मला दिसत नाही. बोलत राहा."

"आहे," मी म्हटलं.

"मोठ्याने."

"आहे, भाऊ."

असं ते रोज चाललं. त्यांची पाठ, वर पांढरे केस, आणि थोड्या थोड्या वेळाने, "आहेस?" मी पाणी थुंकून म्हणायचे, "आहे." चार लोकांत न बोलणारी मी, बावखलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओरडायला शिकले. नारळ दोनाचा एक झाला, मग एकही राहिला नाही. पाऊस लागायच्या आत मी आडवं बावखल पार केलं. पलीकडच्या काठाला हात लावला आणि म्हटलं, "आहे. इकडे आहे." आवाज दुसऱ्या बाजूने आला म्हणून त्यांनी चेहरा थोडा तिकडे वळवला. तरी पाण्याकडे पाहिलं नाही.

आम्ही अर्ज केला आणि पुढचा उन्हाळा लागताच मॅडम ठरल्याप्रमाणे आल्या. मी त्यांना पोहून दाखवलं. त्या उन्हाळ्यात दोर आला, शिट्टी घेतलेला, बुडणाऱ्याला वाचवायचं शिकलेला एक दादा आला, मुलांना आणायला टेम्पो आला. मलाही थोडं मानधन मिळालं. कागदावर माझ्या कामाला 'महिला सहायक' असं लिहिलं होतं. भाऊंनी ते दोनदा वाचायला लावलं आणि म्हणाले, "काठावरची बाई लिहिलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं."

आता मी पाण्यात असायचे, म्हणून भाऊ दगडावर. पाठ करूनच. टेम्पोतून उतरणाऱ्या नव्या मुलांना ते पाठमोरेच माहीत झाले. मदत एका उन्हाळ्याची होती. पुढच्यासाठी परत अर्ज करायचा. यावर ते चिडायचे. "पोरं काय एका वर्षापुरतीच मोठी होतात? दरवर्षी आपण जाऊन सांगायचं, की यंदाही पाणी ओलं आहे?" पण काठी घेऊन गेले. अर्ज देऊन आले.

थंडीत ते गेले. झोपेतच. त्यांना न्यायला लोक आले तेव्हा खोपीत नारळ टांगलेले होते, नवे, अजून न सुकलेले.

उन्हाळ्याच्या तोंडावर मंजुरीचं पत्र आलं. थोरल्याने ते वाचलं, घडी घातली आणि मला म्हणाला, "आलंच आहे तर यंदा होऊ दे. पुढचं पुढे बघू." त्याच्या बाजूला एक माणूस जमीन मोजायचा टेप घेऊन उभा होता.

पहिल्या दिवशी टेम्पो आला. मी एकेक नारळ कानाशी हलवून पाहिला आणि मुलांना बांधला. दादा दोरापाशी उभा राहिला. मी पाण्यात उतरले आणि मुलांना म्हटलं, या. कोणी येईना.

एक लहान मुलगी म्हणाली, "मावशी, काठावर कोणी नाही."

"दादा आहे ना."

"तो तिकडे आहे. दगडावर कोणी नाही."

सगळी मुलं दगडाकडे बघत उभी होती. मीही बघितलं. मग मला वाडीतल्या भाऊंच्या घराच्या ओट्यावर थोरल्याची बायको दिसली. दोन दिवस राहायला आली होती, मोबाइल बघत होती. मी तिच्याशी कधी चहा-पाण्यापलीकडे बोलले नव्हते. पाण्यातूनच हाक मारली. माझा आवाज मोठा आला.

"वहिनी, जरा काठावर येऊन बसता?"

ती आली. दगडाकडे बघून म्हणाली, "मला स्विमिंग येत नाही हां, मावशी."

"नुसतं बसायचं."

ती बसली. तोंड पाण्याकडे करून. मोबाइल आधी हातात होता, मग मांडीवर, मग बाजूला दगडावर ठेवला. मुलं एकेक करून उतरली. थोड्या वेळाने एकाचा नारळ सुटला आणि त्याची लोंबती दोरी पाण्याखालच्या मुळांत अडकली, ती सोडवायला मी बुडी मारली. गाठ बसली होती. जरा वेळ लागला.

वर येताना पाण्यातूनच अस्पष्ट ऐकू आलं. "मावशी? मावशी, आहात ना?" ती दगडावरून उठून उभी राहिली होती, साडीचा काठ पाण्याला लागला होता.

मी तोंडातलं पाणी थुंकलं.

"आहे," मी म्हटलं.