आठ फुटी कावळा

पाटीमामाला लहान काही जमत नसे. चाळीस वर्षं त्यानं दुकानांच्या पाट्या रंगवल्या, आणि दाराहून छोटं काम आलं की तो नाक मुरडायचा. पण दुकानं बंद पडत, मालक बदलत, आणि नवा मालक जुनी पाटी पुसायला पुन्हा मामालाच बोलवी. आपल्याच अक्षरांवर आपणच रंग फासायचा, असला हा धंदा. पुढे छापील पाट्या आल्या. एक दिवस मामा शहरभर हिंडून आला, तर त्याच्या हातचं एकही अक्षर कुठे शिल्लक नव्हतं. उद्या मेलो तर माझी म्हणून काय खूण दाखवाल, असं त्यानं बहिणीला विचारलं. बहीण म्हणाली, सोफ्यावर डाग आहेत की, हवे तेवढे.

अशात भाचीनं रेकॉर्ड काढायची कंपनी सुरू केली. गाणारी तीच, मालकीणही तीच. शाळेतल्या बाई तिच्या आवाजाला कावळा म्हणाल्या होत्या, म्हणून त्यांच्या नाकावर टिच्चून तिनं कंपनीचं नाव ‘कावळा’ ठेवलं. तिच्या भागीदाराच्या कानावरून हेडफोन कधी उतरत नसे, म्हणून त्याला सगळे हेडफोनच म्हणत. त्याला लोगो संगणकावर दहा मिनिटांत उरकायचा होता. भाचीनं त्याला गप्प केलं आणि काम मामाला दिलं. पाचशे रेकॉर्ड निघणार म्हटल्यावर मामाची छाती फुगली. पाचशे घरांत आपला हात राहणार, आणि तो कुणाचा बापही पुसणार नाही.

त्यानं प्लायवूड आणलं, आठ फूट बाय चार फूट, आणि बैठकीत भिंतीला टेकवून ठेवलं. बहिणीला पंधरा दिवस टीव्ही दिसला नाही. मामानं एकेक पीस काढलं, नखं काढली, डोळ्यातली चमक काढली, पायाखाली फांदी आणि फांदीला पानं. कावळा असा हुबेहूब उतरला की बहीण येताजाता त्याला हाकलायची.

रेकॉर्डला मधोमध भोक असतं हे मात्र मामाला कुणी सांगितलं नाही, आणि त्यानं जन्मात रेकॉर्ड हातात धरली नव्हती. हेडफोननं कावळ्याचा फोटो काढला, रेकॉर्डच्या मधोमध बसतो तेवढ्या चार इंची गोल कागदावर छापला आणि टेबलावर ठेवला. घ्या! पिसं गेली, फांदी गेली, उरला तो गाडीखाली आलेला बूट, आणि त्याच्या पोटात आरपार भोक. हेडफोनला हसू आवरेना.

भाची हळूच म्हणाली, "मामा, परवा सगळं छापायला जायचंय. नाही जमलं तर यालाच करू दे."

मामाचा पारा चढला. त्यानं हेडफोनच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, प्लायवूडला लाथ घातली आणि स्वतःचाच अंगठा सुजवून घेतला. मग डब्यातला पांढरा रंग ढवळला आणि झोपेतही जमलं असतं ते काम सुरू केलं. आधी पानं पुसली, मग फांदी, मग नखं. दरवेळी तो लंगडत खोलीच्या दुसऱ्या टोकाला जायचा आणि डोळे बारीक करून बघायचा, कावळा अजून ओळखू येतोय का. शेपूट पुसली, पोट पुसलं, चमकणारा डोळाही शिव्या घालत पुसला. दुसऱ्या दिवशी दुपारी एक वासलेली चोच तेवढी उरली, आणि भोक येणार ते बरोबर तिच्या घशात. हेडफोननं ती छापून पाहिली आणि मामाला मुकाट्यानं चहा करून दिला.

महिन्याभरानं रेकॉर्डची खोकी घरी आली. भाची पहिली रेकॉर्ड लावायला निघाली, तोच मामानं ती हिसकावून घेतली. गाण्याचं त्याला काही पडलं नव्हतं. तो नखानं गोल कागदाची कड खरवडू लागला. बहीण ओरडली, अरे, नवीकोरी आहे ती. त्यानं पुन्हा खरवडली.

"निघत नाही," तो म्हणाला.

"निघणारच नाही," भाची म्हणाली. "चिकटवलेला नाही तो, मामा. रेकॉर्ड गरम असतानाच आत दाबून बसवलाय. काढायचा तर रेकॉर्डच मोडावी लागेल."

मामा ढसाढसा रडला, कुणाची लाज न बाळगता. ती रेकॉर्ड त्यानं काही केल्या हातातून सोडली नाही, तेव्हा भाचीनं खोक्यातून दुसरी काढली आणि ती लावली.