‘चालतंय’ म्हणालो होतो

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. टोपीची गोष्ट मात्र ज्याला त्याला सांगितली आहे — कामशेतात मला ओळखणारा कुणीही ती तुम्हाला पाठ म्हणून दाखवील. पण ती मी नेहमी अर्धीच सांगतो. का, ते कळेलच.

आमचं टायरचं दुकान जुन्या हायवेला आहे. आता काचेचं आहे, अलाइनमेंटचं मशीन आहे. वडिलांच्या वेळी पत्र्याची टपरी होती. त्यांना सगळे आबा म्हणत. आंदर मावळातली भातखाचरं भावांवर सोडून ते इथे पंक्चर काढायला बसले होते. त्यांची बोलायची एक रीत होती. टायर खात्रीचा असला की गिऱ्हाइकाला म्हणायचे, “बिनघोर जा.” नसला की म्हणायचे, “चालतंय की.” बस्स, एवढंच. टाकव्याचा दूधवाला ‘चालतंय’ ऐकलं की गाडी दमानं न्यायचा, आणि सवड मिळाली की टायर बदलायचा. बाहेरच्या माणसाला मात्र दोन्ही उत्तरं सारखीच वाटायची. हा फरक तेवढा लक्षात ठेवा.

तर टोपी. एक बुटकी, रुंद, परदेशी गाडी टपरीसमोर पंक्चर झाली. असली गाडी आबांनी कधी उचलली नव्हती. जॅक चुकीच्या जागी लागला आणि खालची पट्टी ओरखडली. आबा हात जोडून म्हणाले, “आमचं चुकलं, सायेब. लय चुकलं.” साहेबानं काय करावं? आबांच्या डोक्यावरची पांढरी टोपी काढली, तिनं पट्टीवरचं ग्रीस पुसलं आणि टोपी खाली टाकली. चहाच्या गाड्यावरची माणसं बघत होती. मीही बघत होतो — हातात पाना होता आणि मी हललो नाही. त्या दिवसानंतर आबांनी टोपी घातली नाही. लग्नाकार्याला जाणं टाळलं, टपरीवर येणं सोडलं, आणि बोडक्या डोक्यानंच गेले.

ही गोष्ट ऐकली की लोक त्या माणसाला शिव्या घालतात. मला बरं वाटतं. अजूनही वाटतं.

काही वर्षांनी तोच माणूस माझ्या काचेच्या दुकानात आला. पवनेच्या काठाला त्याचा बंगला झाला होता, गाडी नवी होती. मला ओळखलं नाही — ओळखणार कसा? तेव्हा त्यानं आमच्याकडे पाहिलंच कुठे होतं? मी मात्र त्याला पाठमोरा ओळखला असता. म्हणाला, सहाशे घोड्यांचं इंजिन आहे, जरा पाय दाबला की मागची चाकं जागच्या जागी फिरतात, नुसता धूर. पकड पाहिजे. सगळ्यात जास्त पकड असलेला टायर द्या.

आता नीट ऐका. असल्या गाडीला रस्त्यावर चालवायचे टायर दोन तऱ्हांचे मिळतात. एक खोल खाचांचा, पाणी बाजूला फेकणारा. पकड उत्तम, पण सगळ्यात जास्त नाही. मावळात राहणाऱ्याला हाच द्यावा, हे मला झोपेतही सांगता येईल. दुसरा शर्यतीच्या टायरचा सख्खा भाऊ — मऊ रबर, खाचा नावापुरत्या. तापलेल्या कोरड्या रस्त्याला तो घोरपडीसारखा चिकटतो. आणि साचलेल्या पाण्यात? तिथे रबर रस्त्याला टेकतच नाही. गाडी पाण्यावरून वाहत जाते, आणि सहाशे घोडे मागून ढकलत असतात.

वैशाख होता. मी दुसरा दिला. हौसेनं मागवला, स्वतःच्या हातांनी बसवला, कामगाराला हात लावू दिला नाही. चाचणीला त्याच्या शेजारी बसलो. गाडी अशी सुटली की माझी पाठ सीटमध्ये रुतली, चाक जागच्या जागी जरासुद्धा फिरलं नाही. तो खूश झाला. मी त्याच्याहून खूश होतो, कारण मी आषाढाची वाट बघत होतो.

त्यानं सगळ्यात जास्त पकड मागितली होती ना? मग मी दिली. असं मी स्वतःला किती वेळा समजावलं असेल!

लोहगडाच्या बाजूला, दुधिवरे खिंडीच्या अलीकडे डोंगराचं पाणी रस्त्यावरून आडवं वाहतं. आषाढात गाडी तिथेच घसरली. एका ओळखीच्या क्रेनवाल्यानं फोन करून सांगितलं. त्या क्षणी माझ्या पोटात काय झालं, सांगू? गुदगुल्या झाल्या. मग कळलं, साहेबाचं नुसतं खांद्याचं हाड मोडलंय, आणि मला राग आला. एवढंच? मग क्रेनवाला म्हणाला, “संगं बहीण व्हती त्येंची. पाय गेला बगा तिचा, गुडघ्यापासनं.”

आता उरलेली अर्धी गोष्ट.

टोपीच्या दिवशी त्या गाडीतून एक बाई उतरली होती. त्याची थोरली बहीण. भावाला सगळ्यांसमोर फटकारून ती वाकली, धुळीतली टोपी उचलली, आपल्या ओढणीनं झटकली आणि दोन्ही हातांनी आबांना दिली. “आबा, माफ करा,” म्हणाली. मी हललो नव्हतो. ती हलली होती. म्हणूनच मी तिला गोष्टीतून गाळतो.

आणि मागवलेले टायर बसवून घ्यायला तो आला तेव्हा तीही सोबत होती. दारातून आली तशी मी ओळखली. खुर्चीवर बसली, चहा घेतला. भावानं पावसाचं काहीही विचारलं नाही. तिनं विचारलं. “भाऊ, पावसात चालतील ना हे?”

काय सांगायला हवं होतं, ते मला माहीत होतं. ती वेळही निघून गेलेली नव्हती. टायर अजून जमिनीवरच होते. मी तिच्याकडे बघून हसलो आणि म्हणालो, “चालतंय की, ताई.”

आबांचाच शब्द. म्हणजे खोटं बोललोच नाही — असं मी स्वतःशी म्हणत आलो. पण तो शब्द तिला कळणार नाही, हे मला ठाऊक होतं, आणि म्हणूनच तो वापरला. भावासाठी मला आजही वाईट वाटत नाही. तो पुन्हा तसल्याच गाड्या उडवतो.

गेल्या महिन्यात ती आली. ड्रायव्हर होता, लहान गाडी होती, एक पाय नकली. तिला तिच्या गाडीला टायर हवे होते. मी दुकानातले सगळ्यात चांगले काढले, बसवले, हवा बघितली. तिनं पुन्हा तेच विचारलं, पावसात चालतील ना? आबा गेल्यापासून जो शब्द तोंडात आला नव्हता, तो आला. म्हणालो, “बिनघोर जा, ताई.”

ती काठीवर रेलली. मग हळूच म्हणाली, “मागच्या वेळी असं म्हणाला नव्हतात, भाऊ.”

मी खाली बसलो आणि हवेचा पाइप पुन्हा चाकाला लावला. हवा पुरेशी होती. पण त्याचा आवाज मोठा होतो, म्हणून लावला, आणि मला काही ऐकू आलंच नाही असं दाखवलं.