मोहळघार जेवते तेव्हा

दिवाळीनंतर आईच्या खोलीबाहेर, बाल्कनीच्या वरच्या स्लॅबला आग्यामोहोळ लागलं. त्याच सुमारास आईचं जेवण सुटलं. माझ्या रोजच्या यादीत दोन कामं वाढली: सोसायटीच्या अध्यक्षांना सांगून मोहोळ काढवणे आणि आईला जेवायला घालणे. पहिलं निदान फोनवर होण्यासारखं होतं.

खुबा मोडल्यावर आईला मी कळवणहून नाशिकला आणलं होतं. ती दिवसभर पलंगावर, तोंड बाल्कनीच्या बंद काचेकडे. ऑफिसला निघण्याआधी माझा डबा भरता भरता मी उभ्यानंच तिला भरवायची. दोन घास झाले की ती मान फिरवायची. डॉक्टर म्हणाले होते, वजन असंच उतरत राहिलं तर नळी घालावी लागेल. दलिया झाला, नाचणीची पेज झाली, मऊ खिचडी झाली. मला राग येत नव्हता. त्यालाही थोडी ताकद लागते.

एका सकाळी समोरच्या बदामाच्या झाडावरून एक मोठा तपकिरी पक्षी थेट मोहोळावर आला. चमचा माझ्या हातातच राहिला.

"आई, घार!"

"घार नाय ती, मोहळघार हाय. थंडीत येती आपल्याकडं. डोकं बघ की, कबुतरावानी बारकं."

पक्ष्यानं पोळ्याचा लचका तोडला. माश्या त्याच्या अंगावर तुटून पडल्या. तो तुकडा पंजात धरून झाडावर गेला आणि त्यातल्या अळ्या एकेक टिपून सावकाश खाऊ लागला.

"एवढ्या डसत्यात, पण जेवण सोडत नाय बघ," आई म्हणाली आणि तिनं तोंड उघडलं. मी घास दिला. तिनं पुन्हा उघडलं. वाटी रिकामी झाली तरी तिची नजर झाडावरच होती.

संध्याकाळी अध्यक्ष दारात. "ताई, अंधार पडला की माणूस येतोय. धूर केला की काम झालं."

"आज नको. थोडे दिवस राहू द्या."

"अहो, तुम्हीच तर माझ्या मागे लागला होतात!"

"आई जेवली आज. मोहोळावर पक्षी येतो, त्याला बघत जेवली."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "आणि वरच्या मजल्यावर माशी चावली तर?"

"वर-खाली सगळ्यांना मी सांगून येते. खिडक्या लावून घेतील."

खरंच दारोदार जाऊन सांगून आले. एक काकू म्हणाल्या, "आता पक्ष्यांचीही उस्तवार करायची का?" मी हसले आणि पुढची बेल वाजवली. गुडघे दुखत होते.

मोहळघार येत राहिली. एखादा दिवस दांडीही मारायची. त्या दिवशी वाटी तशीच परत जायची. हळूहळू पोळं संपलं, माश्या उठून गेल्या आणि स्लॅबला मेणाचा डाग तेवढा राहिला. पक्षीही यायचा थांबला.

त्यानंतरच्या सकाळी आईनं पहिल्याच घासाला मान फिरवली.

"आई, खा गं. मला उशीर होतोय."

"एकटी काय खाऊ? ती होती तर दोघी जेवत होतो. तू आपली पोस्टमनसारखी उभी. टाकलं पत्र की निघाली."

मला हसू आलं आणि मग पाय इतके जड वाटले की मी तिच्या पलंगावर बसलेच. भरलेला डबा मांडीवर होता.

"काय आणलंय?" तिनं विचारलं.

"गवार."

"उघड मग. मला दे थोडी."

गवार मी भातात कुस्करून तिच्या वाटीत घातली. ऑफिसात फोन करून कळवलं की उशीर होईल. मग उठून काच सरकवली. कितीतरी दिवसांनी खोलीत गार हवा आली आणि परत येऊन बसल्यावर माझे डोळे मिटायला लागले.

"आधी जेव," आई म्हणाली. तिचा घास तिनं तोवर हातातच धरला होता.