सासऱ्याने आणलेली जपानी सुरी

नातू चार महिन्यांचा झाला तरी सून माहेराहून यायला तयार नव्हती. भांडण झालेलं नव्हतं. आमच्या देवाजवळ ठेवलेली सुरी घरात असेपर्यंत मी लेकराला तिथे आणणार नाही, असं तिने सांगून टाकलं होतं. मुलगा सायकल हाणत तिच्या गावाला जायचा आणि पडलेलं तोंड घेऊन परत यायचा. मला घरात बसवत नव्हतं. तांदूळ पाखडायला घ्यायचे, अर्धे टाकून तलावाकडे जायचे, तिथूनही लगेच परत फिरायचे.

सुरी माझ्या सासऱ्याने लढाईतून आणलेली. तो इंग्रजांच्या फौजेबरोबर ब्रह्मदेशाच्या हद्दीवर रस्ते करायला गेला होता. एका जपान्याला मारून त्याच्या कमरेची ही काढून घेतली, असं तो सांगायचा. प्याला की मारलेले जपानी वाढायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा सासू त्याच सुरीने मासे साफ करायची आणि कोणालाही तिची भीती वाटत नव्हती. दगडावर घासून घासून पातं बोटाएवढं उरलं होतं. सासरा मेला आणि आमच्या बुढ्याने, माझ्या नवऱ्याने, ती देवाजवळ नेली. शेंदूर लावला. येईल त्या पाहुण्याला दाखवायचा, आणि "इथवर घुसली होती," म्हणून स्वतःच्या छातीवर बोट ठेवायचा. सुनेने हे पोटुशी असताना किती वेळा ऐकलं. मग तिच्या गावच्या पुजाऱ्याने सांगितलं की माणूस मारलेलं लोखंड जिथे पुजतात तिथे तान्हं लेकरू नेऊ नये. तिला तेवढं पुरलं.

मी बुढ्याला म्हटलं, "नदीत टाकून द्या."

"बापाले नदीत टाकू?"

"बाप कधीचा जळला. हे सुरी हाय."

"गावात काय म्हणतेत, माहीत हाय ना तुले? नागभीडच्या बजारातून आणली म्हणतेत. बाप कुठी गेलाच नाई, चंद्रपुरात हॉटेलात कपबशा धूत होता म्हणतेत. माह्यापाशी हे एकच हाय."

शेवटी मीच म्हटलं, जाणत्या माणसाला दाखवू. शाळेच्या मास्तरांनी चंद्रपुरातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांचा पत्ता दिला. ते आधी नागपूरला जुन्या हत्यारांची देखभाल करायचे. माझा विचार सरळ होता. सुरी लढाईतली नाही असं ते म्हणाले की बुढ्याची पकड सुटेल. बुढ्याचा विचार याच्या बरोबर उलटा होता. म्हणून दोघेही निघालो.

त्या वर्षांत पोलीस जंगलातल्या वाटेवर बस थांबवून हत्यारं शोधायला पिशव्या उघडायला लावत. सुरी मी जुन्या लुगड्यात गुंडाळून तळाला घातली होती आणि वर सुके झिंगे ओतले होते. शिपायाने पिशवीत डोकावलं.

"काय आहे हे, बाई?"

"झिंगे. लेकीले नेऊन राह्यली. पायजेत का?"

"बंद करा, बंद करा."

बस निघाली तरी बुढ्याचा घाम थांबेना. "लेक कुठी हाय आपली चंद्रपुरात?" तो पुटपुटला.

"गप बसा."

चंद्रपुरात त्या म्हाताऱ्यांनी सुरी हातात घेतली, नाकाशी नेली, झिंग्यांच्या वासाने तोंड वाकडं केलं आणि पहिलंच विचारलं, "ही मूठ कोणी बसवली?"

"आमच्या लोहारानं," बुढा म्हणाला. "जुनी सडली होती. शेपटी लाल करून सागवानात ठोकली. हालत नाई आता."

आमच्याकडे विळ्याला, सुरीला मूठ अशीच बसवतात. मुठीत जाणारी शेपटी तापवायची आणि लाकडात दाबायची. लाकूड जळत जळत तिला जागा देतं. यात कोणाला काही वावगं वाटत नाही. म्हाताऱ्यांनी मात्र कपाळाला हात लावला. "अरे, वय त्या शेपटीवरच वाचतात!"

मूठ फोडावी लागेल, असं ते म्हणाले. बुढा सुरी परत घेऊन घट्ट धरून बसला.

"फोडा," मी म्हटलं. "लाकूड आपल्या गावचं हाय, जपानचं नाई."

लाकूड फुटलं. शेपटी काळी, पापुद्रे सुटलेली निघाली. तिला एक भोक होतं. जपानात त्यात बांबूची खिळी मारतात, म्हाताऱ्यांनी सांगितलं. शेपटीचा गंज ते लोक कधी घासत नाहीत, कारण गंजावरून काळ कळतो. करणाऱ्याचं नावही तिथेच कोरलेलं असतं. त्यांनी मला भिंग दिलं. कोंबडीने माती उकरावी तशा दोन रेघा उरल्या होत्या. बाकीचं नाव लोहाराच्या भात्यापुढे जळून गेलं होतं.

मग त्यांनी शेंदूर पुसला, पात्याला तेल लावलं आणि ते खिडकीत तिरपं धरलं. धारेशेजारी पांढुरकी लाट दिसली. मुठीकडे, लोहाराने तापवलं होतं तिथे, ती विझली होती. लोखंडाच्या आत लाकडासारखे पदर होते.

"हे दुमडून दुमडून हाताने ठोकलेलं आहे," ते म्हणाले. "जपानचंच. लढाईच्या घाईत केलेल्या पात्यांत असे पदर नसतात. हे त्या लढाईच्या कितीतरी आधीचं. शंभर वर्षं, दोनशेही असतील. कोणीतरी घरून घेऊन आला असेल. पण इतकी झीज सैनिकाच्या हातून होत नाही."

"मासे," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटले. "मासे!"

"यानं माणूस मेला का, ते सांगा."

"बाई, ते लोखंडावर दिसत नाही."

"मंग इतकं शिकून काय कामाचं?"

बुढ्याने मला कोपर मारलं. म्हातारे रागावले नाहीत. त्यांनी आतून चहा मागवला. मला तो गोड लागला नाही.

बस स्टँडवर माझे पाय एका जागी ठरेनात. सुनेला काय सांगू? बुढा मात्र बाकड्यावर बसून आलुबोंडे खात होता.

"काऊन फिरून राह्यली? बस ना." मग म्हणाला, "जपानचीच हाय म्हटलं ना त्यानं?"

"म्हटलं."

"म्हंजे बाप गेला होता."

"गेला होता."

"मारलंच नाई, असं तं नाई म्हटलं?"

"नाई म्हटलं."

त्याने हात धोतराला पुसले. "गोंडपिपरीची बस कुठी लागते पाह्य. बहिणीकडे ठेवतो. तिचाबी बापच होता."

मी चार महिने घसा फोडला होता. तेव्हा हलला नाही आणि आता आलुबोंडा खाता खाता मोकळा झाला. मला आनंद व्हायला हवा होता, पण चीड आली. नणंदेच्या घरी सुरी देऊन परतताना मी वाटेत सारखी पिशवी चाचपत होते.

गावात त्याने पांढरी लाट आणि बांबूची खिळी सगळ्यांना ऐकवली. एकाने विचारलं, "भाऊ, आता देवापाशी काय ठेवशीन?"

"तुह्यं थोबाड."

सुनेला मी खरं तेच कळवलं. सुरी घरातून गेली, आणि तिने कोणाला मारलं का ते जाणत्यालाही कळलं नाही. मलाही आजवर कळलेलं नाही.

ती आली, पण लेकराला घेऊन अंगणातच उभी राहिली. आधी भावाला आत पाठवलं. त्याने देवाजवळ पाहिलं, गाद्या उचलल्या, तांदळाच्या कोठीत कोपरापर्यंत हात घातला. बुढ्याचे कान लाल झाले.

"चुलीतबी पाह्य," मी म्हटलं. त्याने खरंच पाहिलं.

मग ती आत आली. मी नातवाला घेतलं. मला पाहून त्याने भोकाड पसरलं. सून हात पुढे करून म्हणाली, "द्या, आई."

"रडू दे," म्हटलं, आणि दिला नाही.