डॉक्टर सुब्बारावांनी सही केली नाही

मुग्धाला न्हाऊ घालताना श्यामलाच्या हाताला ते लागलं. नऊ वर्षांच्या पोरीच्या डाव्या छातीत, बोंडाच्या खाली, शर्टाच्या बटणाएवढं टणक काहीतरी. उजवीकडे काहीच नाही. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी तिचा हात तिथं जायचा. वाढलं का? सरकलं का? मुग्धा अंग चोरायला लागली.

श्यामलाच्या आईनं छातीतली गाठ दोन वर्षं पदराखाली लपवली आणि त्यातच ती गेली. तेव्हा कॉलेजात असलेल्या श्यामलानं मनाशी ठरवलं होतं, आपण कधी थांबायचं नाही. म्हणून बनशंकरीतल्या एका नर्सिंग होमचे सर्जन "काढून टाकू, तपासायला पाठवू" म्हणाले, तेव्हा तिला हायसंच वाटलं. गुरुवार ठरला. भूल देण्याआधी मुलांच्या डॉक्टरांची फिटनेसची सही तेवढी आणायची होती.

डॉक्टर सुब्बारावांनी मुग्धाला तपासलं, कागद वाचला आणि पेनाला टोपण लावलं.

"अम्मा," ते सावकाश कानडीत म्हणाले, "मुलगी वयात येऊ लागलीय, त्याची ही सुरुवात. पुष्कळदा एकाच बाजूनं आधी होते. हे कापलं तर ती बाजू जन्मात भरायची नाही."

"आणि दुसरंच काही निघालं तर?"

"या वयात कॅन्सर फार फार विरळा. झोप लागत नसेल तर सोनोग्राफी करा. सुरी नको, सुई नको. भराभर वाढलं, लाल झालं, पाणी आलं तर लगेच या. नाहीतर तीन महिन्यांनी."

"माझ्या आईनंही वाटच पाहिली होती, डॉक्टर."

"त्यांना बघणारं कुणी नव्हतं. हिला मी बघतोय." ते मुग्धाकडे वळले. "दुखतं का गं?"

"आई दाबते तेव्हा."

श्यामलानं मान खाली घातली.

घरी हयवदननं, तिच्या नवऱ्यानं, सगळं ऐकून घेतलं. "दोन डॉक्टर, दोन मतं. तुला काय वाटतं?"

"मला विचारू नका. माझी भीती म्हणते, उद्याच कापा."

"मग थांबूच या."

तिनंच फोन करून गुरुवार रद्द केला. सोनोग्राफीत वावगं काही निघालं नाही, तरी जीव थाऱ्यावर येईना. इस्त्री केलेला युनिफॉर्म ती पुन्हा इस्त्री करायची. वेणी घालताना हात खाली उतरू पाहायचा. मग ती पेड इतके आवळायची की मुग्धा ओरडायची, "आई, स्वल्प हळू."

दोन महिने होत आले तेव्हा एका सकाळी मुग्धा कुरकुरली, "आता इकडेही दुखतंय." आणि तिनं उजवीकडे बोट दाखवलं.

लेकीला दुखतंय म्हणून श्यामलाला बरं वाटलं. त्याची लाज वाटली तरी तिनं सुब्बारावांना फोन लावला.

"सरी, ठीक आहे," ते म्हणाले. "मी म्हटलं होतं तसंच चाललंय."

"तरी उद्या येऊन दाखवून जाऊ का?"

पलीकडे ते हसले. "या. पण तोवर तुम्ही हात लावू नका."